फुकटचं एसएसएल: लिनक्स सर्व्हरवर बसवायचं कसं आणि चालू ठेवायचं कसं

दिवाळीला महिना होता तेव्हा रामबागेतल्या एका ओळखीच्या काकूंचा फोन आला. त्या फराळाच्या ऑर्डरी वेबसाइटवर घेतात. साइट भाच्याने करून दिली होती आणि भाचा नोकरीसाठी इंदूर सोडून गेला होता. "अरे, पुण्याची एक बाई म्हणते, तुमची साइट सुरक्षित नाही असं दिसतंय. माझ्या चकलीत काय असुरक्षित आहे रे?"

चकलीत काही नव्हतं. भाड्याचा उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हर होता, त्यावर एंजिनएक्स, म्हणजे ब्राउझरला पानं पाठवणारा प्रोग्राम, चालू होता, डोमेन, म्हणजे साइटचं नाव, होतं. फक्त पत्ता एचटीटीपीने सुरू होत होता, एचटीटीपीएसने, म्हणजे त्याच्या कुलूपबंद रूपाने नाही. त्यासाठी सर्व्हरवर एसएसएल सर्टिफिकेट लागतं. क्रोम जुलै २०१८ पासून अशा प्रत्येक साइटच्या नावापुढे 'नॉट सिक्युअर' लिहितो. काकूंच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला आणि पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत सर्टिफिकेट बसलं. ते तीन महिन्यांची मुदत संपण्याआधी आपोआप नवं होईल याची खात्री करण्यात मात्र त्याच्या दुप्पट वेळ गेला. या लेखातही त्याच भागाला जास्त जागा दिली आहे, कारण माझी स्वतःची फजिती तिथेच झाली होती.

कमांडबद्दल आधीच सांगून ठेवतो. फोनवर एखाद्याला सांगावं तशा त्या मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या. 'तुमचंडोमेन.इन' दिसेल तिथे स्वतःचं नाव घाला.

हे फुकट कसं मिळतं?

लेट्स एन्क्रिप्ट ही सर्टिफिकेट देणारी संस्था आहे. ती इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप या ना-नफा संस्थेमार्फत चालते आणि डिसेंबर २०१५ पासून सर्वांसाठी खुली आहे. त्याआधी बहुतेक ठिकाणी साध्या सर्टिफिकेटलाही दरवर्षी पैसे मोजावे लागत, फॉर्म भरावे लागत. इथे माणूस मध्ये नाहीच. तुमच्या सर्व्हरवरचा प्रोग्राम त्यांच्या सर्व्हरशी बोलतो, डोमेन तुमच्या ताब्यात असल्याचं सिद्ध करतो आणि सर्टिफिकेट घेऊन येतो. या बोलण्याच्या रीतीला ॲक्मी म्हणतात. तुमच्या बाजूने बोलणारा सर्वांत प्रचलित प्रोग्राम म्हणजे सर्टबॉट. तो इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचा.

तसं बघितलं तर 'एसएसएल' हे नावही आता जुनं झालं. एसएसएलची शेवटची आवृत्ती २०१५ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाली. आज जे चालतं ते टीएलएस, आवृत्ती १.२ किंवा १.३. पण आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसं सगळे एसएसएलच म्हणतात. मीही म्हणणार.

या सर्टिफिकेटमुळे ग्राहकाचा ब्राउझर आणि तुमचा सर्व्हर यांच्यामधलं बोलणं वाटेत कोणाला वाचता येत नाही, बदलता येत नाही. दुकानदार प्रामाणिक आहे की नाही, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. फसवणुकीच्या साइटलाही ते मिळतं. काकूंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे पार्सल सीलबंद, आत काय आहे ते ज्याचं त्याच्यापाशी." अगदी तेच.

सर्टबॉटच्या आधीची तयारी

नवख्यांच्या बहुतेक अडचणी इथल्या असतात आणि शिव्या मात्र सर्टबॉटला बसतात. म्हणून घाई करू नका.

डोमेन तुमच्या सर्व्हरकडे बोट दाखवतंय का, ते आधी बघा. डोमेन जिथून घेतलं त्या पॅनेलमध्ये डीएनएसच्या, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या नोंदी असतात. त्यातल्या ए रेकॉर्डमध्ये सर्व्हरचा सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आकड्यांचा पत्ता हवा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेलं नाव हे वेगळं नाव धरलं जातं, त्यालाही रेकॉर्ड लागतं. मग टर्मिनलमध्ये:

डिग +शॉर्ट तुमचंडोमेन.इन

उत्तरात तुमचाच आयपी आला पाहिजे. रेकॉर्ड आत्ताच बदललं असेल तर जुना आयपी काही काळ दिसत राहील. तेवढा वेळ थांबा. त्याच जागी क्वाड-ए नावाचं रेकॉर्ड आहे का, तेही बघा. ते आयपीव्ही-६ चं, म्हणजे नव्या, लांबलचक आयपी पत्त्याचं. जुन्या होस्टिंगवरून आलेल्या डोमेनला हे रेकॉर्ड चिकटून राहिलेलं असतं, आणि लेट्स एन्क्रिप्ट आयपीव्ही-६ चा पत्ता दिसला की आधी तिकडे जातं. मग तुमच्या ब्राउझरमध्ये साइट झकास उघडते आणि तपासणी मात्र भलत्याच सर्व्हरवर जाऊन आपटते. ते वापरात नसेल तर काढून टाका.

आता पोर्ट, म्हणजे सर्व्हरची क्रमांक दिलेली दारं. ८० एचटीटीपीचं, ४४३ एचटीटीपीएसचं. दोन्ही उघडी हवीत. "मला फक्त एचटीटीपीएस हवंय, मग ८० कशाला?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. याचं उत्तर तपासणीच्या रीतीत आहे. पासपोर्टसाठी पोलिस पडताळणी होते तेव्हा शिपाई तुम्ही लिहून दिलेल्या पत्त्यावर येतो. लेट्स एन्क्रिप्टही तुमच्या डोमेनच्या पत्त्यावर येतं, आणि येतं ते पोर्ट ८० च्या दाराने. सर्टबॉटने तिथे ठरावीक जागी एक चिठ्ठी ठेवलेली असते, ती वाचायला मिळाली की पडताळणी झाली. दार बंद असेल तर शिपाई परत जातो.

शिवाय हा शिपाई एकटा येत नाही. २०२० पासून ही तपासणी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी होते. त्यामुळे कोणी हुशारीने फायरवॉलला (कोणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याला) 'फक्त भारतातल्यांनाच आत सोड' असं सांगितलं असेल, तर आपल्याला साइट दिसत राहते आणि सर्टिफिकेट मिळत नाही. या एका नियमापायी मी विजयनगरमधल्या एका ऑफिसात अख्खी दुपार घालवली आहे.

उबंटूवर फायरवॉलसाठी साधारणपणे यूएफडब्ल्यू असतो:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच
सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ८०/टीसीपी
सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ४४३/टीसीपी
सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस

पहिली ओळ एसएसएचसाठी, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या वाटेसाठी. ती विसरून फायरवॉल चालू केलात तर पुढच्या वेळी स्वतःच्याच सर्व्हरमध्ये शिरता येणार नाही. हसू नका, होतं. आणि क्लाउड कंपनीच्या पॅनेलमध्ये आणखी एक फायरवॉल असतो. दोन्हीकडे परवानगी हवी.

शेवटची तयारी एंजिनएक्सची. साइटच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'सर्व्हर नेम' या ओळीत तुमची दोन्ही नावं लिहिलेली हवीत. सर्टबॉट ही ओळ वाचूनच कुठे बदल करायचा ते ठरवतो. काकूंच्या भाच्याने तिथे नुसतं अंडरस्कोर ठेवलं होतं, म्हणजे 'कोणीही या'. ते बदललं, मग:

सुडो एंजिनएक्स -टी
सुडो सिस्टिमसीटीएल रीलोड एंजिनएक्स

पहिली कमांड फाइलमधल्या चुका पकडते. तिने ओके म्हटल्याशिवाय दुसरी देऊ नका. यानंतर फोनचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, साध्या एचटीटीपीने साइट उघडून बघा. उघडली की अवघड भाग संपला.

सर्टबॉट बसवणं

उबंटूच्या एपीटी या प्रोग्राम बसवणाऱ्या साधनातूनही सर्टबॉट मिळतो, पण ती आवृत्ती बरेचदा जुनी असते. सर्टबॉटवाले स्वतः स्नॅप हे दुसरं साधन वापरा म्हणतात. स्नॅप अनेकांना आवडत नाही, मलाही फारसा नाही, पण या कामापुरतं त्यांचं ऐकतो. आधी एपीटीने बसवलेला असेल तर तो काढा, नाहीतर दोन सर्टबॉट होतात आणि कुठला चालला ते कळत नाही.

सुडो एपीटी रिमूव्ह सर्टबॉट
सुडो स्नॅप इन्स्टॉल --क्लासिक सर्टबॉट
सुडो एलएन -एस /स्नॅप/बिन/सर्टबॉट /यूएसआर/बिन/सर्टबॉट

तिसरी ओळ नुसतं 'सर्टबॉट' म्हटल्यावर तो सापडावा म्हणून.

आता थेट सर्टिफिकेट मागू नका. आधी रंगीत तालीम:

सुडो सर्टबॉट सर्टओन्ली --एंजिनएक्स --ड्राय-रन -डी तुमचंडोमेन.इन -डी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.तुमचंडोमेन.इन

यात सगळी तपासणी होते, पण त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर, आणि हाती काही पडत नाही. तालमीचा आग्रह अशासाठी की खऱ्या सर्व्हरवर मर्यादा आहेत. एका नावाची तपासणी तासात पाच वेळा फसली की पुढे थांबावं लागतं. नावांच्या त्याच संचासाठी सात दिवसांत पाचच सर्टिफिकेटं मिळतात. ती संपली की साधारण ३४ तासांनी एक संधी परत येते. 'पुसून पुन्हा करून बघू' असं करत पाचही उडवणारे पुष्कळ आहेत. दिवाळीच्या तोंडावर काकूंना "परवा बघू" म्हणायची माझी तयारी नव्हती.

तालीम फसली तर संदेश वाचा. टाइमआउट म्हणजे फायरवॉल, दोनपैकी कुठला तरी. कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणजे बहुधा शिपाई घरापर्यंत पोचला, पण पोर्ट ८० वर एंजिनएक्स ऐकतच नाहीये. ४०४ किंवा अनऑथराइज्ड म्हणजे दुसऱ्याच सर्व्हरने किंवा दुसऱ्याच साइटच्या कॉन्फिगने उत्तर दिलं. क्वाड-ए आणि 'सर्व्हर नेम' पुन्हा बघा. एनएक्स-डोमेन म्हणजे त्या नावाचं रेकॉर्डच नाही, आणि बहुतेक वेळा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचं राहिलेलं असतं.

तालीम पास झाली की खरा प्रयोग:

सुडो सर्टबॉट --एंजिनएक्स -डी तुमचंडोमेन.इन -डी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.तुमचंडोमेन.इन

तो ईमेल विचारेल, अटी मान्य करायला लावेल, फाउंडेशनची पत्रकं हवीत का विचारेल. शेवटच्याला नाही म्हटलं तरी काही अडत नाही. मग तो सर्टिफिकेट आणून तुमच्या कॉन्फिग फाइलमध्ये स्वतःच ओळी घालतो आणि एचटीटीपीने येणाऱ्यांना एचटीटीपीएसकडे वळवतो. फाइल उघडून बघा. त्याने घातलेल्या प्रत्येक ओळीपुढे 'मॅनेज्ड बाय सर्टबॉट' लिहिलेलं असतं.

ब्राउझरमध्ये आता हिरवं कुलूप शोधू नका. क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये कुलपाचं चिन्हच काढून टाकलं. 'नॉट सिक्युअर' गेलं एवढं पुरे. ते गेलं नाही, किंवा पान उघडतं पण फोटो दिसत नाहीत, तर साइटच्या कोडमध्ये चित्रांचे पत्ते जुन्या एचटीटीपीने लिहिलेले असतील. ते बदला.

नव्वद दिवसांनी काय?

हे सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. मुदत आखूड ठेवण्यामागे दोन कारणं आहेत. सर्टिफिकेटची किल्ली (सर्व्हरवरची गुप्त फाइल) चोरीला गेली तरी तिचा उपयोग थोडेच दिवस व्हावा, आणि नूतनीकरण हाताने करण्याचा कंटाळा येऊन लोकांनी ते यंत्रावर सोपवावं. पुढे ही मुदत आणखी आखडणार आहे. लेट्स एन्क्रिप्टने २०२८ पर्यंत ती ४५ दिवसांवर आणायचं जाहीर केलं आहे. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी मिळून केलेल्या नियमानुसार मार्च २०२९ पासून विकतच्या सर्टिफिकेटलाही ४७ दिवसांपेक्षा जास्त मुदत मिळणार नाही. कॅलेंडरवर खूण करून हाताने नवं करण्याचे दिवस संपत आले.

सर्टबॉट बसवताना एक टायमरही बसतो. तो दिवसातून दोनदा जागा होऊन मुदत बघतो आणि ९० दिवसांच्या सर्टिफिकेटचे ३० दिवस उरले की नवं आणतो. टायमर आहे ना, हे बघा:

सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स

यादीत सर्टबॉटचं नाव दिसलं पाहिजे. मग नूतनीकरणाची तालीम:

सुडो सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन

ही पास झाली की बहुतेक लेख इथेच संपतात. माझी गोष्ट इथे सुरू होते.

काही वर्षांपूर्वी इंदुरातल्याच एका मंडळाच्या साइटचं काम मी बघत होतो. गणेशोत्सवातल्या मुलांच्या स्पर्धांची नोंदणी त्यावर व्हायची. सर्टबॉटने माझ्या कॉन्फिगला हात लावू नये असं मला वाटायचं (तेव्हा तसा माज होता), म्हणून मी जूनच्या सुरुवातीला 'सर्टओन्ली' आणि 'वेबरूट' (चिठ्ठी थेट साइटच्या फोल्डरमध्ये ठेवण्याचा पर्याय) वापरून फक्त सर्टिफिकेट आणलं आणि ओळी स्वतः लिहिल्या. तालीम केली, पास झाली, विसरून गेलो. सप्टेंबरच्या सुरुवातीला, नोंदणीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी फोन वाजू लागले. ब्राउझर म्हणतोय सर्टिफिकेटची मुदत संपली.

मी सर्व्हरवर जाऊन विचारलं:

सुडो सर्टबॉट सर्टिफिकेट्स

उत्तर आलं, सर्टिफिकेट वैध, जवळजवळ ६० दिवस बाकी. म्हणजे ऑगस्टमध्ये ते वेळेवर नवं झालं होतं! तासभर मी डीएनएस उकरत बसलो. शेवटी दुसऱ्या मशीनवरून, साइट बाहेरच्यांना प्रत्यक्षात कुठलं सर्टिफिकेट दाखवते ते बघितलं. ते जूनचं होतं. डिस्कवर नवी फाइल येऊन पडली होती, पण एंजिनएक्स सर्टिफिकेट सुरू होताना किंवा रीलोड होताना एकदाच वाचतो आणि पुढे तेच स्मरणात धरून बसतो. त्याला 'नवं आलंय, वाच' असं कोणी सांगितलंच नव्हतं. एक रीलोड, एका सेकंदात साइट चालू.

त्यात भर म्हणजे मी एचएसटीएस लावून ठेवलं होतं, एक वर्षासाठी. या सेटिंगने ब्राउझरला बजावलेलं असतं की या साइटवर सर्टिफिकेट बिघडलेलं दिसलं तर कोणाला आत सोडू नकोस. त्यामुळे 'तरीही पुढे जा' हे बटणसुद्धा पालकांना दिसत नव्हतं. एचएसटीएस चांगलं आहे, लावाही, पण एक नूतनीकरण डोळ्यांदेखत पार पडल्यावर. तेही आधी काही मिनिटांचं, मग दिवसांचं, मग वर्षाचं.

तुम्ही वरच्यासारखं '--एंजिनएक्स' वापरलंत तर रीलोड सर्टबॉट स्वतः करतो. पण वेबरूट वापरत असाल, किंवा तेच सर्टिफिकेट मेल सर्व्हरलाही दिलं असेल, तर /ईटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/रिन्यूअल-हुक्स/डिप्लॉय या फोल्डरमध्ये दोन ओळींची छोटी फाइल ठेवा:

#!/बिन/एसएच
सिस्टिमसीटीएल रीलोड एंजिनएक्स

आणि सीएचमॉड +एक्स करून ती चालवण्यायोग्य करा. नवं सर्टिफिकेट आलं की सर्टबॉट या फोल्डरमधलं सगळं चालवतो. मेल सर्व्हरसाठी त्याच्या रीलोडची ओळ वाढवा.

मुदत संपत आली तर ईमेल येईल, या भरवशावर राहू नका. लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी अशी पत्रं पाठवायचं. जून २०२५ पासून ती बंद आहेत. पहारा आपला आपणच ठेवायचा, आणि तो बाहेरून. फाइलची तारीख बघून काय होतं ते वर आलंच आहे. दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनवरून:

इको | ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट तुमचंडोमेन.इन:४४३ -सर्व्हरनेम तुमचंडोमेन.इन | ओपनएसएसएल एक्स५०९ -नोआउट -चेकएंड १२०९६००

शेवटचा आकडा म्हणजे १४ दिवसांचे सेकंद. एवढ्यात मुदत संपणार असेल तर कमांड तसं सांगते आणि अपयशाचा कोड परत करते. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) रोज सकाळी लावा आणि अपयश आलं तर स्वतःला मेल जाईल असं करा. हे जमत नसेल तर साइट चालू आहे का ते बघणाऱ्या फुकट सेवा आहेत, त्यातल्या बऱ्याच सर्टिफिकेटची तारीखही बघतात. काकूंसाठी मी तीच सोय लावली. इशारा काकूंना नाही, मला येतो. त्यांना आला तर भाच्याची खैर नाही.

किल्ली आणि नावं

सर्टिफिकेट आणि किल्ली /ईटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/लाइव्ह या फोल्डरमध्ये डोमेनच्या नावाखाली असतात. फुलचेन.पीईएम हे सर्टिफिकेट, प्रायव्हकी.पीईएम ही किल्ली. तिथल्या फाइली खऱ्या नसून खऱ्या फाइलींकडे बोट दाखवणारे दुवे आहेत, म्हणून त्या हलवू नका, नावं बदलू नका. किल्ली व्हॉट्सॲपवर पाठवू नका. "जरा बघून सांगा ना" म्हणत मला ती पाठवणारे तीन जण झालेत. तिघांनाही नवी किल्ली बनवायला लावली.

प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद सार्वजनिक वहीत होते, नावासकट. 'नवी-ॲडमिन-चाचणी' असं काही सबडोमेन गुपचूप चालवत असाल, तर त्याला सर्टिफिकेट घेतल्यावर ते गुपित राहत नाही. पासवर्ड लावा. सगळ्या सबडोमेनना मिळून एकच, तारांकनाचं सर्टिफिकेट मिळतं, पण त्यासाठी पोर्ट ८० ची चिठ्ठी चालत नाही, डीएनएसमध्ये नोंद करून दाखवावी लागते. ही नोंद आपोआप करणारं प्लगइन तुमच्या डीएनएसवाल्यासाठी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, दर वेळी हाताने करत बसाल. चार सबडोमेन असतील तर चार वेळा -डी लिहा.

डोमेन देवनागरीत असेल, म्हणजे डॉट भारत वगैरे, तरी सर्टिफिकेट मिळतं. सर्टबॉटला मात्र ते एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रूपात द्यावं लागतं. डोमेनच्या पॅनेलमध्ये ते रूप सहसा दिलेलं असतं, तिथून कॉपी करा. हाताने टाइप करायला गेलात तर अक्षर चुकणारच. काकूंना आता तसंच नाव हवंय. चकली मराठी, तर पत्ता इंग्रजीत कशाला, असं त्यांचं म्हणणं.